झोप म्हणजे आळस नव्हे, शरीराची रात्रपाळी

सदर : आरोग्य आणि कुटुंब



झोपेबद्दल आपल्याकडे दोन म्हणी चालतात. एक म्हणजे 'झोपला तो संपला' आणि दुसरी 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा'. पहिली सभेत ऐकू येते. समाजाने गाफील राहू नये एवढाच तिचा अर्थ आणि तेवढ्यापुरती ती योग्यच आहे. परंतु घरात आपण ती शब्दशः घेतो. सकाळी उशिरापर्यंत झोपलेला मुलगा आळशी ठरतो. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपला की 'दिवसभर लोळतो' असे शेजारी म्हणतात. आणि दुपारी घटकाभर आडवी झालेली सून तर सगळ्या चाळीच्या चर्चेचा विषय होते.

दुसरी म्हण कष्टकऱ्यांच्या अनुभवातून आली आहे. भूक लागली की कोंडाही गोड लागतो आणि देह दमला की उशाला दगड असला तरी झोप लागते. या म्हणीचा भीषण पुरावा महाराष्ट्राने पाहिलेला आहे. टाळेबंदीच्या काळात जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर गावाकडे जाण्यासाठी रेल्वे रुळांच्या वाटेने पायी निघाले. चालून चालून थकले, रुळांवरच टेकले आणि तिथेच त्यांना झोप लागली. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर ते करमाड दरम्यान मालगाडीखाली १६ जणांचा अंत झाला. 'रुळावर कोणी झोपते का?' असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. विचारणाऱ्यांना झोप म्हणजे काय हे ठाऊक नसावे. जागरण आणि श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की झोप माणसाची परवानगी घेत नाही. उघड्या डोळ्यांनीसुद्धा मेंदूला काही सेकंदांची डुलकी लागते. गाडी चालवणाऱ्याला, यंत्रावर उभ्या असलेल्याला ती काही सेकंदांची डुलकी जिवावर बेतते.

म्हणून आज आपण झोपेत शरीराच्या पेशींमध्ये आणि मेंदूत काय घडते ते पाहू. त्याचबरोबर आपल्या घरात ही झोप कोणाच्या वाट्याला कमी येते, याचाही विचार करू.

झोप येते कशी?

आपले शरीर सुमारे ३० लाख कोटी पेशींचे बनलेले आहे. मेंदूतील पेशी दिवसभर काम करतात तेव्हा इंधन जळते. चुलीत लाकूड जळले की राख साठते, तसा या कामातून ॲडिनोसिन नावाचा पदार्थ मेंदूत साठत जातो. जितका वेळ आपण जागे, तितका साठा मोठा. हा साठा वाढला की डोळे जड होतात, जांभया येतात. झोपेत तो ओसरतो आणि सकाळी डोके हलके वाटते.

चहाची करामत इथेच आहे. चहातील कॅफीन हे ॲडिनोसिनच्या बसायच्या जागा अडवून धरते. म्हणजे चहाने झोपेची गरज संपत नाही, फक्त झोपेची हाक ऐकू येईनाशी होते. राख चुलीत साठतच राहते. चहाचा अंमल उतरला की सगळी गुंगी एकदम येते. शिवाय प्यालेल्या कॅफीनपैकी निम्मे साधारण पाच तासांनंतरही शरीरात असते. रात्री नऊला घेतलेला कडक चहा मध्यरात्रीनंतरही आपले काम करीत असतो, तो असा.

झोपेचा दुसरा कारभारी म्हणजे शरीराचे घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागच्या बाजूला पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्र ओळखतो आणि सगळ्या शरीराला वेळ सांगतो. १९३८ साली अमेरिकेतील नॅथॅनियल क्लाइटमन हे संशोधक आपल्या एका विद्यार्थ्यासह केंटकी राज्यातील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे सूर्यप्रकाश नव्हता. दिवस २४ ऐवजी २८ तासांचा करून पाहायचा, असा त्यांचा प्रयोग होता. तरुण विद्यार्थ्याला ते बऱ्यापैकी जमले, पण चाळिशीतल्या क्लाइटमन यांच्या शरीराने २४ तासांचा हट्ट सोडला नाही. पुढे हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते, हे फळमाशीवरील संशोधनातून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता आपल्याला माहीत आहे की असे घड्याळ फक्त मेंदूत नाही. यकृत, कातडी, हृदय, जवळजवळ प्रत्येक ठिकाणच्या पेशीत ते आहे.

रात्रीच्या चार-पाच फेऱ्या

पूर्वी असे समजत की झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखे आहे. मेंदू बंद, सकाळी पुन्हा चालू. १९५३ साली हा समज मोडला. शिकागो विद्यापीठात क्लाइटमन यांच्याकडे शिकणाऱ्या युजीन ॲसेरिन्स्की यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून तो झोपेत असताना नोंदी घेतल्या. मुलगा गाढ झोपलेला, पण बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर हलत होती आणि मेंदूच्या लहरी जाग्या माणसासारख्या उठत होत्या. ही स्वप्नांची झोप होती.

तेव्हापासून कळले ते असे. आधी हलकी झोप, मग गाढ झोप, मग स्वप्नांची झोप, अशी एक फेरी सुमारे दीड तासाची असते. रात्रभरात अशा चार-पाच फेऱ्या होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात असतो, तर स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा पहाटेकडे. त्यामुळे रोज पहाटे चारला उठावे लागणाऱ्याची केवळ 'थोडी झोप' जात नाही. एका विशिष्ट प्रकारच्या झोपेचा मोठा हिस्सा जातो.

पेशींची डागडुजी

झोप लागल्यानंतर पहिल्या गाढ टप्प्यात वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात रक्तात सुटते. मुलांची उंची आणि हाडे यांची वाढ त्यावर अवलंबून असते. मोठ्यांच्या शरीरात तेच संप्रेरक झिजलेले स्नायू आणि ऊती भरून काढण्याच्या कामी येते. दिवसभर ओझे उचललेल्या खांद्याची, उभे राहून आखडलेल्या पायांची डागडुजी या वेळात होते.

त्याहून बारीक काम पेशीच्या केंद्रात चालते. प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. पेशीने काय करायचे याचा सगळा आराखडा त्यावर असतो. जागेपणी पेशी काम करते तेव्हा या धाग्याला ठिकठिकाणी चिरा पडतात. इस्रायलमधील बार-इलान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली झेब्रा माशांच्या पिलांवर प्रयोग केला. हा बोटभर लांबीचा पट्टेरी मासा मूळचा आपल्याच उपखंडातील ओढ्या-नद्यांमधला आहे. त्याची पिले पारदर्शक असल्याने जिवंत मेंदूतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मासे झोपले की मेंदूपेशींमधील गुणसूत्रांची हालचाल वाढत होती आणि दिवसभरात डीएनएला झालेली इजा कमी होत होती. मासे जागे ठेवले की इजा साठत जाई. रस्ता दुरुस्त करायचा तर वाहतूक थांबवावी लागते, तसेच हे आहे.

रोगाशी लढणाऱ्या पेशींचेही असेच आहे. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांची आठवडाभराची झोप मोजून मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडण्यात आले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीच्या घरात होती. विषाणू सर्वांना सारखाच दिला होता. फरक झोपेचा होता.

साखरेच्या आजाराचा संबंधही जवळचा आहे. १९९९ साली शिकागो विद्यापीठात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. तेवढ्या अवधीत त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची ताकद इतकी घटली की ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसासारखी झाली. पुरेशी झोप मिळाल्यावर ती सुधारली. आपल्या वस्त्यांतून चाळिशीच्या आत मधुमेह दिसू लागला आहे. खाण्याकडे आपण बोट दाखवतो ते बरोबरच आहे, पण त्या माणसाच्या झोपेचीही चौकशी करावी.

मेंदूची झाडलोट

शहर झोपलेले असताना रस्ते झाडणारे, गटारे उपसणारे कामगार नसतील तर सकाळी शहराची काय दशा होईल, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको. मेंदूतही कामाचा कचरा साठतो. तो बाहेर काढण्याची व्यवस्था मेंदूत आहे. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१३ साली उंदरांवर दाखवले की झोपेत मेंदूपेशींमधली मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि त्या वाटेने द्रव वाहून टाकाऊ प्रथिने लवकर धुतली जातात. म्हातारपणच्या विस्मृतीच्या आजारात मेंदूत ज्या प्रथिनाचे थर साठलेले आढळतात, ते याच कचऱ्यातले. मात्र विज्ञानात शेवटचा शब्द लवकर लागत नाही. २०२४ साली लंडनच्या संशोधकांनी उंदरांवरच वेगळ्या पद्धतीने मोजमाप केले, तेव्हा झोपेत हा निचरा वाढण्याऐवजी कमी झालेला आढळला. वाद चालू आहे. पण मेंदूत कचरा साठतो आणि तो निघून जाण्याची व्यवस्था आहे, याबद्दल वाद नाही.

मेंदूचे दुसरे काम म्हणजे दिवसभराचे दप्तर लावणे. दिवसा पाहिलेले, ऐकलेले, वाचलेले आधी कच्च्या वहीत उतरते. गाढ झोपेत ते पुन्हा चाळून पक्क्या वहीत घेतले जाते. १९९४ साली उंदरांच्या मेंदूत हे प्रत्यक्ष टिपले गेले. दिवसा वाट शोधताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच पेशी झोपेत पुन्हा एकत्र चेतत होत्या. म्हणजे उंदीर झोपेत उजळणी करीत होता. २०१७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूपेशींमधील जोडांची मोजणी प्रसिद्ध केली. झोपेनंतर हे जोड सरासरी १८ टक्क्यांनी लहान झालेले आढळले. पाटीवर गिचमीड झाली की नको ते पुसून नव्यासाठी जागा करावी लागते. त्यांच्या मते झोप तेच करते.

छातीवर बसणारे 'भूत'

एका गोष्टीचा उलगडा इथे केलाच पाहिजे. पहाटे जाग येते, डोळे उघडतात, पण हातपाय हलत नाहीत. ओरडावे तर आवाज फुटत नाही. छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते, कोपऱ्यात सावली उभी दिसते. मग घरात बाहेरच्या बाधेची चर्चा सुरू होते. कोणी अंगारा आणायला सुचवते, कोणी देवऋषीचे नाव सांगते.

खरे कारण साधे आहे. स्वप्नांच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो. श्वासाचा पडदा आणि डोळे तेवढे चालू राहतात. हे आपल्या रक्षणासाठीच आहे, नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खरोखर उठून धावेल. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायूंचे कुलूप नंतर उघडते. मधल्या काही सेकंदांत किंवा मिनिट-दोन मिनिटांत अर्धे स्वप्न आणि अर्धी जाग यांची सरमिसळ होते. भूत ते हेच. अपुरी झोप, पाळी बदलणे आणि उताणे झोपणे यांमुळे हे अधिक घडते. यावर देवऋषीकडे एक पैसाही खर्च करू नका. झोपेची वेळ नियमित करा, कुशीवर झोपा. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

अठरा तासांचा अभ्यास

आता आपल्या मुलामुलींविषयी. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, हे आपल्या प्रत्येक घरात सांगितले जाते. १४ एप्रिलच्या सुमारास अनेक ग्रंथालयांत, महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रमही होतो. वर्षातून एक दिवस पुस्तकांसोबत काढावा, हा उपक्रम चांगलाच आहे. परंतु काही पालक हेच रोजचे माप धरतात. दहावी-बारावीच्या मुलीला रात्री दोनपर्यंत बसवतात, पहाटे पाचला उठवतात आणि निकालात गुण कमी आले की तिची बुद्धी काढतात.

१९२४ साली अमेरिकेत जेनकिन्स आणि डॅलेनबाख या दोन संशोधकांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला दिले. पाठ केल्यावर झोपले तर कित्येक तासांनंतरही बरेच आठवत होते. तेवढाच वेळ जागे राहिले तर बहुतेक विसरले जात होते. हा प्रयोग लहान होता, पण पुढे अनेकांनी तो वेगवेगळ्या प्रकारे करून पाहिला आणि दिशा तीच राहिली. अभ्यासाला बसल्यावर पान वाचले जाते आणि त्यानंतर झोपेत ते पक्के होते. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणे होय.

'मला चार-पाच तास पुरतात, सवय झाली आहे' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २००३ साली याची परीक्षा पाहिली. ज्यांना सलग १४ दिवस रात्री सहाच तास झोपू दिले, त्यांची एकाग्रता शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. विशेष म्हणजे आपण फारसे पेंगुळलेलो नाही, असेच ते सांगत होते. म्हणजे सवय होते ती झोप न लागण्याची नव्हे, तर आपली घसरण न दिसण्याची.

बाबासाहेबांनी कोणत्या परिस्थितीत काम केले, तेही मुलांना सांगावे. संविधानाचा मसुदा तयार होत होता त्या काळात ते मधुमेहाने, पायांच्या वेदनांनी आणि निद्रानाशाने त्रस्त होते. उपचारांसाठी त्यांना मुंबईला यावे लागले. त्यांनी प्रकृतीची किंमत मोजून ते काम पुरे केले. त्यांची जिद्द आणि वाचन मुलांनी घ्यावे, निद्रानाश घेऊ नये.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठी

गिरण्या होत्या तेव्हा तिसरी पाळी होती आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार होते. आज गिरण्या नाहीत, पण रात्रपाळी आहे. इमारतीचा सुरक्षा रक्षक, दवाखान्यातील आया आणि वॉर्डबॉय, रेल्वेतील कर्मचारी, ट्रकचालक, कॉल सेंटरमधली आपली मुले हे सारे रात्री जागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाची नोंद 'बहुधा कर्करोगकारक' अशा वर्गात केली. प्रत्येक रात्रपाळीवाल्याला हा रोग होईल असा याचा अर्थ नाही. वर्षानुवर्षे शरीराच्या घड्याळाविरुद्ध जगण्याचा धोका खरा मानावा, एवढाच आहे.

जखमेचे उदाहरण पाहा. इंग्लंड आणि वेल्समधील ११८ भाजलेल्या रुग्णांच्या नोंदी २०१७ साली तपासल्या गेल्या. दिवसा भाजलेल्यांच्या जखमा सरासरी १७ दिवसांत भरल्या, तर रात्री भाजलेल्यांना २८ दिवस लागले. जखम भरणाऱ्या पेशींचे स्वतःचे घड्याळ असते आणि रात्री त्या जखमेकडे सावकाश सरकतात. भट्टीवर, कढईपाशी, वेल्डिंगवर रात्री काम करणाऱ्यांनी म्हणूनच दुप्पट जपावे.

पाळी सोडणे बहुतेकांच्या हातात नसते. जे हातात आहे ते करावे. पाळीच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा टाळावा. घरी येताना उन्हाचा प्रकाश डोळ्यांवर घेऊ नये, टोपी किंवा काळा चष्मा वापरावा. खिडकीला जाड चादर किंवा गोधडी लावून अंधार करावा. रोज ठरलेल्या वेळीच झोपावे आणि कामावर निघण्यापूर्वी आणखी एक छोटी डुलकी घ्यावी. डोळे मिटत असतील तर दुचाकी चालवू नये. आणि घरातील इतरांनी ध्यानात ठेवावे की त्या माणसाची दुपार म्हणजे त्याची रात्र आहे. त्या वेळी टीव्हीचा आवाज, कुकरची शिट्टी आणि 'जरा उठून एवढे करा' ही हाक, तिन्ही थांबवावीत.

घरातली माउली

सर्वांत कमी झोप कोणाची, असे विचारले तर बहुतेक घरांत एकच उत्तर येईल. नळाला पहाटे पाणी येते म्हणून ती चारला उठते. डबे करते, मुले शाळेत धाडते, स्वतः कामाला जाते. रात्री सगळ्यांचे जेवण, भांडी आवरून ती सर्वांत शेवटी अंथरुणावर पडते. तान्हे मूल असेल तर तीही झोप तुकड्यातुकड्यांची. मग डोके दुखते, चिडचिड होते आणि घर म्हणते, 'हिचा स्वभावच तापट झाला.' तो स्वभाव नसतो. साठलेली झोप बोलत असते.

यावर औषध डॉक्टरकडे नाही, घरात आहे. पाणी भरायला आठवड्यातले तीन दिवस नवऱ्याने किंवा थोरल्या मुलाने उठावे. रात्रीची भांडी मुलगा आणि मुलगी दोघांनी मिळून घासावीत. समतेचा पाठ पुस्तकात वाचून जेवढा कळतो, त्याहून अधिक तो मोरीवर कळतो. दुपारी तिला वेळ मिळाला आणि ती वीस-तीस मिनिटे आडवी झाली, तर कोणी नाव ठेवू नये.

एवढे करून पाहा

प्रौढ माणसाला सात ते नऊ तास झोप लागते. १४ ते १७ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा, ६ ते १३ वर्षांच्या मुलांना नऊ ते अकरा तास. तान्ह्या बाळाला १४ ते १७ तास. वयात आलेल्या मुलांचे घड्याळ निसर्गतःच उशिरा सरकते. त्यांना रात्री लवकर झोप येत नाही, यात दरवेळी खोड काढू नये. मात्र अंथरुणात मोबाइल नको. त्याचा उजेड घड्याळाला फसवतो आणि त्यातली करमणूक मनाला उठवून बसवते. रात्री घरातले सगळे मोबाइल एका फळीवर ठेवायची शिस्त लावावी, मोठ्यांचेसुद्धा.

झोप लागताना शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात झोप येत नाही ती त्यामुळे. संध्याकाळी पत्र्यावर ओले गोणपाट टाकावे, झोपण्याआधी हातपाय धुवावेत, शक्य तिथे मच्छरदाणी लावून मोकळ्या हवेत झोपावे.

'घोटभर घेतल्याशिवाय झोप येत नाही' असे म्हणणाऱ्यांनी एवढे जाणावे की दारूने माणूस लवकर आडवा होतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात त्याची झोप मोडते आणि स्वप्नांची झोप घटते. झोपेची गोळी शेजाऱ्याकडून मागून घेऊ नये. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे आणि दिवसा बसल्या जागी डुलक्या येणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर तो विनोदाचा विषय नाही, आजार आहे. सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवावे.

शेवटी वस्तीबद्दल एक गोष्ट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे. वर्षातल्या ठराविक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते, त्यापलीकडे नाही. नियम दुसऱ्यांच्या उत्सवाला दाखवायचा आणि आपल्या मिरवणुकीला विसरायचा, असे करता येणार नाही. हळद असो, उरूस असो, गणपती असो की आपली जयंती असो, त्या भोंग्याच्या भिंतीपलीकडे पहाटे पाचला झाडू घेऊन निघणारी बाई, दुसऱ्या दिवशी परीक्षा असलेली मुलगी आणि ताप आलेले मूल झोपायचा प्रयत्न करीत असते.

आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने काल आपण किती तास झोपलो ते सांगावे आणि एकाने कागदावर लिहावे. ज्याचा आकडा सर्वांत कमी असेल, त्याचे एक काम उद्यापासून दुसऱ्याने उचलावे. याला पैसा लागत नाही. पुढच्या महिन्यात तोच कागद काढून पुन्हा आकडे लिहा आणि ताडून पाहा.